मागं घेणारा डब्बा

सुगंधाबाई : अन् समजा, मी हे बटन दाबून सिरियल थांबवली, तं गावातले सगळे टीव्ही थांबतीन का?

नसीम : नाही बाई. फक्त तुमच्या घरचा.

सुगंधाबाई : मंग बाजूच्या मंगलीच्या घरी?

नसीम : तिच्या घरी पुढं चालू. तुमच्या घरी सिरियलमधली सासू हात वर करून उभी. तुम्ही जा, भात उतरवून या, बटन दाबा, मग सासूचा हात खाली.

सुगंधाबाई : मायवो! सासूले उभं ठेवता येते?

नसीम : एक-दीड घंटा, आरामात.

सुगंधाबाई : हे मशीन पंचवीस वर्सं आंधी काऊन नाई निंगालं वो?

लटारू : सुगंधा, झालं पाहून? चाल आता. साधी डिशची छत्री बसवू, साधा डब्बा घेऊ. दिसलं तं दिसलं, गेलं तं गेलं.

सुगंधाबाई : तुमी चूप बसा जी. नसीमबाई, ह्याईचं काई ऐकू नोको. सकाळी घरून निंगाल्यापासून 'नोको नोको' लावून राह्यले. पोंभुर्ण्याच्या स्टँडवर म्हने, आज बसच नाई याची. बस आली तं म्हने, गर्दी हाये. जागा भेटली तं म्हने, पोटात दुखून राह्यलं.

लटारू : दुखत होतं ना.

सुगंधाबाई : चंद्रपुरात उतरल्या उतरल्या दोन प्लेटी भजे खाल्ले, तेव्हा कसं नाई दुखलं?

लटारू : भज्यानंच तं थांबलं.

नसीम : भाऊ, बसा तुम्ही. हा स्टूल घ्या. आधी मला हे सांगा, रेकॉर्ड काय करायचं आहे? मतलब, क्रिकेट असेल तर वेगळी मशीन, रोजच्या सिरियल असतील तर वेगळी.

सुगंधाबाई : नाटक! माह्या मालकाचं नाटक. येत्या ऐतवारी दुपारी एक वाजता टीव्हीवर येऊन राह्यलं. आमच्या गावी शंकरपट भरला होता ना, त्याच्या रातीचं. कॅमेरेवाले आले होते, गाडी भरून. आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकावर अर्ध्या घंट्याचा कार्यक्रम करून राह्यले म्हने.

नसीम : अरे वा! भाऊ, तुम्ही नाटकात काम करता?

लटारू : असंच. थोडं बहुत.

सुगंधाबाई : थोडं बहुत म्हने! राजा असते ते. सत्तावीस वर्सं झाले. नाटक कोनतं बी असो, राजा हेच.

नसीम : माशाल्लाह! राजा आमच्या दुकानात स्टूलवर बसला आणि मी चहाही नाही विचारला.

लटारू : बाई, पंखा लावता का जरासा?

नसीम : लागलाच आहे भाऊ. पाचवर आहे.

सुगंधाबाई : आमच्या पोरीनं, मंजुषानं, नागपुरावरून पैसे धाडले. नर्स हाये ते. फोनवर म्हने, आई, साधा डब्बा घेजो नोको. ज्यात मांगं घेता येते, थांबवता येते, असाच घेजो. दोन डाव सांगतलं.

लटारू : तिले काय समजते? पोरगी हाये ते.

सुगंधाबाई : तुमच्यापेक्षा जास्त समजते. नसीमबाई, तुले सांगतो, मी माह्या मालकाचं एक नाटक नाई पाह्यलं आतापावतर.

नसीम : एकही नाही? सत्तावीस वर्षांत?

सुगंधाबाई : कशी पाहीन? पट भरला का घरोघरी पाहुने. आमच्या घरी चाळीस मान्साईचं पान पडते. दिवसभर बैलाईच्या शर्यती पाहून येते, जेवते, हात धुते, अन् सगळे नाटकाले निंगून जाते. मी राह्यतो चुलीपाशी. भांडे होते, उद्याचा रस्सा होते, पोट्टे झोपते, अन् जरा पाठ टेकाव म्हनलं तं पाहुने वापस येऊन चहा मांगते. वाहवा करत येते सगळे. 'लटारूभाऊशिवाय नाटक नाई होत', असं म्हनते. मी चहा गाळता गाळता ऐकतो.

नसीम : आणि मग भाऊ येतात घरी, मुकुट काढून.

सुगंधाबाई : हौ. दमून येते. आवाज बसला राह्यते. मी म्हनतो, आज काय बोलले जी? तं गोठ्यात म्हशीसमोर उभं राहून पूरं बोलून दाखवते. राजाचं बी, सेनापतीचं बी, रानीचं बी. म्हस पानी पेनं सोडते.

लटारू : महाराणी, हा हट्ट सोडा. हे यंत्र आपल्या राज्यात शोभणार नाही.

सुगंधाबाई : पाह्य, पाह्य! असे बोलते. घरात काई अडलं का हे भाषा चालू. मागच्या महिन्यात कुकरची शिटी हरपली तं म्हने, 'राज्यात फितुरी माजली आहे.' कोंबड्याच्या खुराड्यात सापडली.

नसीम : ठीक आहे, बघा आता. हा पहिला आहे, सीडीवर उतरवणारा. यात कोरी सीडी टाकायची, वेळ लावून द्यायची. नाटक सीडीवर जातं. सीडी काढा, कुणालाही द्या. भामरागडला पाठवा, मुंबईला पाठवा.

लटारू : नाई, नाई, नाई.

नसीम : काय झालं भाऊ?

लटारू : सीडी गावभर फिरन. मंगलीच्या घरी जाईन, पाटलाच्या घरी जाईन. मंग जो तो पाहीन. थांबवून थांबवून पाहीन.

सुगंधाबाई : मंग पाहू दे ना! राजाले लोक पाह्यतीन नाई तं काय म्हशीले पाह्यतीन?

नसीम : आणि हा दुसरा, आत्ता दाखवला तो. डिशचाच डब्बा आहे, पण पोटात डिस्क आहे. टीव्हीवर जे येतं, ते हा गिळत राहतो. तुम्ही शेतात असा, झोपलेले असा. मग तुमच्या सवडीनं बटन दाबलं की परत काढून दाखवतो. फक्त याच्या पोटातलं बाहेर देता येत नाही. जे आहे ते घरातच.

सुगंधाबाई : आधी भराभरा खाते, मंग आरामात बसून काढते?

नसीम : हां.

सुगंधाबाई : म्हंजे रवंथ करते. हे तं म्हस झाली ना वो!

नसीम : बाई, सहा महिने झाले मी गिऱ्हाइकांना समजावते आहे, एकालाही समजत नाही. उद्यापासून मी हेच सांगणार. रवंथ करणारा डब्बा.

लटारू : रवंथ कराले लाईन लागते का नाई?

नसीम : हां, लाईट तर लागेल भाऊ.

लटारू : झालं! ऐतवारी आमच्याकडं बारा ते तीन लोडशेडिंग. नाटक एक वाजता. संपला विषय. चाल सुगंधा. बाई, माफ करा, तुमाले तकलीफ देली.

सुगंधाबाई : बसा खाली.

लटारू : पन लाईनच नाई—

सुगंधाबाई : बसा म्हनलं ना. नसीमबाई, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालते का हे?

नसीम : मध्ये इन्व्हर्टर लावला की बिल्कुल चालते. टीव्हीसुद्धा चालेल. छोटा इन्व्हर्टर माझ्याकडं दुकानातला आहे, तो घेऊन जा. रविवारी वापरा, नंतर परत द्या.

सुगंधाबाई : चैतूच्या ट्रॅक्टरची बॅटरी आनतो मी. माहा चुलत देर हाये. नाई देनार तं जेवाले नाई वाढत.

लटारू : चैतूले ऐतवारी नांगराचं हाये.

सुगंधाबाई : मार्च महिन्यात काय नांगरते तो? ढग?

नसीम : भाऊ, तुम्ही एवढे का घाबरता? पहिल्यांदा टीव्हीवर येणार म्हणून? माझा भाऊ, जाहिद, तोही असाच. लग्नाच्या सीडीत स्वतःला बघायला तयार नाही. म्हणतो, मी एवढा जाडा नाही.

लटारू : तसंच समजा. तसंच काईतरी.

नसीम : थांबा! बाई, टीव्हीकडं बघा. हीच ना ती जाहिरात? 'झाडीतलं नाटक, रविवारी दुपारी एक वाजता'...

सुगंधाबाई : हेच! हेच वो! हे आमच्या शाळेचं पटांगन! हा सुकलू, तबल्यावर! अन् ते पाह्य, पडद्यावरचा मोर, तो माह्या भासऱ्यानं, ह्याईच्या मोठ्या भावानं काढला! अन्... अगा, गेलं! संपलं! अजी, तुमी कुठी होते?

लटारू : होतो ना. सर्रकन गेलो. म्हनून तं म्हनतो, टीव्हीत असंच राह्यते, मान्साले पाहूच देत नाई. चाल.

नसीम : अहो भाऊ, यासाठीच तर मशीन आहे! मागं घेते ना मी. हे बघा.

लटारू : नोको घेऊ!

नसीम : घेतलं पण. बघा बाई, सगळे उलटे पळायला लागले.

सुगंधाबाई : मायवो, सुकलूचे हात पाह्य! तबल्यातून आवाज काढून घेऊन राह्यला वापस! अन् मोर? मोर काऊन नाई उलटा गेला?

नसीम : मोर कापडावर आहे बाई. आता सुरुवातीपासून चालवते. तुम्ही सांगा, मी थांबवते.

सुगंधाबाई : चालव. चालव... थांब! मुकुटवाला. हा राजा. थांब इथीच.

नसीम : थांबला. बघा, किती साफ दिसतो.

सुगंधाबाई : अजी.

लटारू : हौ.

सुगंधाबाई : हा तं आपल्या गावचा पोचू मास्तर हाये.

लटारू : कुठी?

सुगंधाबाई : इथी! समोर! मुकुट घातला तरी नाक पोचू मास्तरचंच हाये.

लटारू : मेकअप केला का मी पोचू मास्तरसारखा दिसतो.

सुगंधाबाई : मेकअप केला का तुमी हातभर उंच बी होता?

लटारू : टाचेचे जोडे राह्यते राजाले.

सुगंधाबाई : अन् उजव्या हाताचं बोट? पोचू मास्तरचं बोट चक्कीच्या पट्ट्यात गेलं, अर्धंच हाये. हे पाह्य, राजाचं बी अर्धंच हाये. तुमचं दाखवा बरं... हे तं पूरं हाये!

लटारू : राजाचं अर्धंच राह्यते. लढाईत तुटलं होतं. कथाच तशी हाये.

नसीम : हाय अल्लाह, भाऊ, मला हसू आवरेना.

सुगंधाबाई : हसू नोको वो, मले शोधू दे. म्हंजे एखादवेळी या वर्सी तुमाले दुसरं काम देलं असन. देलं असन तं सांगाव नाई का मान्सानं? पुढं घे, नसीमबाई. हळू. हा सेनापती?

लटारू : तो वडसाच्या नाटक मंडळीचा. भाड्यानं येते.

सुगंधाबाई : हा भालेवाला?

लटारू : सुकलूचा भाचा.

सुगंधाबाई : हे रानी? अजी, रानी तं नाई ना तुमी?

लटारू : नाई वो! ते नागपूरची हाये.

सुगंधाबाई : मंग हा? हे मागचं, धोतरवालं?

नसीम : बाई, तो खांब आहे.

सुगंधाबाई : खांबाले काऊन धोतर गुंडाळलं?

लटारू : महाल दिसाले पाह्यजे ना. माहंच धोतर हाये ते.

सुगंधाबाई : म्हंजे नाटकात तुमचं धोतर हाये अन् तुमी नाई?

लटारू : सुगंधा, आपन घरी जाऊन बोलू.

सुगंधाबाई : इथीच बोलू. मंगली पयल्या वर्सीच म्हने, 'लटारूभाऊ काई दिसले नाई नाटकात.' तुमी म्हनले, दाढीमिशा लावल्या होत्या. मी भांडली तिच्याशी! दोन महिने बोलली नाई मी तिच्याशी! नसीमबाई, अजून एक डाव चालव. आवाज वाढव. मले नीट पाहू दे.

नसीम : चालवते. हा राजानं तलवार उगारली... आता बोलतो बघा.

सुगंधाबाई : थांब. मांगं घे.

नसीम : कुठपर्यंत?

सुगंधाबाई : तलवार उचलली तिथून. तो बोलाच्या आंधी कोनी बोललं. बारीक. ऐक... ऐकलं? 'सेनापती, ज्या मातीनं तुला वाढवलं.' आंधी कोनी बारीक बोललं, अन् मंग पोचू मास्तर मोठ्यानं बोलला. अजून मांगं घे.

नसीम : हां, हां, खरंच आहे. वरून टांगलेल्या माइकनं पकडलं ते.

सुगंधाबाई : अजून एक डाव.

लटारू : नसीमबाई, नोको.

सुगंधाबाई : घे वो बाई, मांगं घे... हा आवाज मले ठाऊक हाये. पहाटी गोठ्यातून येते हा आवाज. अजी. हे तुमी हाओ.

(टीव्हीवर राजा तलवार उगारून थांबलेला.)

लटारू : हौ. मी हाओ.

सुगंधाबाई : कुठी हाओ?

लटारू : पडद्यामांगं. डाव्या बाजूले, खुर्चीवर. मी राजा नाई, सुगंधा. कधीच नव्हतो. मी मांगून सांगतो. वही घेऊन बसतो. कोनी अडकला का मी हळूच सांगतो, मंग तो बोलते.

सुगंधाबाई : सत्तावीस वर्सं?

लटारू : सत्तावीस.

सुगंधाबाई : अन् गावाले ठाऊक हाये?

लटारू : गावाले हात जोडले होते म्या. ते खोटं नाई बोलले. ते इतकंच म्हनते, लटारूभाऊशिवाय नाटक नाई होत.

सुगंधाबाई : अन् मंजुषा?

लटारू : तिले लहानपनापासून ठाऊक हाये. नाटक संपेपावतर पडद्यामांगं माह्या मांडीवर झोपाची ते. म्हनून तं तुले 'मांगं घेनारा घे' म्हनून दोन डाव सांगतलं. पोरगी नाई ते, सीआयडी हाये.

सुगंधाबाई : म्हंजे घरात एकटी मीच! मंगलीले सांगतो, सुकरीले सांगतो, बचत गटात सांगतो, मी राजाची बायको हाओ म्हनून! मागच्या वर्सी गटाच्या फोटूत मधात बसली मी, खुर्चीवर! म्हनलं, राजाच्या बायकोनं खाली कसं बसाव!

नसीम : बाई, तुम्ही रडता की हसता?

सुगंधाबाई : मले बी नाई समजून राह्यलं! रुमाल दे वो... 'राजाचं बोट लढाईत तुटलं' म्हने! काय मानूस हाये! अजी, काऊन खोटं बोलले? पयल्याच दिवशी सांगतलं असतं तं मी काय भाकर नसती देली?

लटारू : तुह्या बापानं इचारलं होतं. लगनाआंधी, आमच्या घरी आले तेव्हा. म्हने, जावईबापू नाटकात असते ऐकलं, काय काम करता? मले वाटलं, 'मांगून सांगतो' म्हनलं तं म्हातारा म्हनन, म्हंजे काईच नाई करत. तोंडातून निंगून गेलं, राजा. म्हातारा लय खूश झाला. गावात जाऊन त्यानं सगळ्याईले सांगतलं. तू लगन होऊन आली तं पयल्या रोजी मले म्हनली, 'राजाले भाकर आवडते का भात?' मंग त्या राजाले मी खाली कसा उतरवू?

नसीम : पण भाऊ, तुम्हाला खरोखर राजा व्हायला काय झालं? आवाज तर आहे. मी ऐकला ना आत्ता.

लटारू : चढलो होतो ना एक डाव. लगनाआंधी. द्वारपालाचं काम. एकच वाक्य, 'महाराजांचा विजय असो.' समोर तीन हजार मानूस. तोंडं पाह्यले अन् पाय लटलट कापाले लागले. वाक्यच गेलं. भाला तिथीच टाकला अन् पडद्यामांगं पळालो. अन् तिथी, अंधारात, सगळं आठवलं. माहं बी, राजाचं बी, रानीचं बी. तितक्यात राजा अडकला. मी तिथून सांगतलं, तो बोलला. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून वही माह्या हातात हाये. खरं म्हनशीन तं वही बी लागत नाई आता. एकवीस नाटकं पाठ हाये.

सुगंधाबाई : पूरे?

लटारू : पूरे. सगळ्याईचे.

नसीम : माझे अब्बा, गुलाम रसूल, नाटकांना लाऊडस्पीकर लावायचे. मूलपासून सिरोंच्यापर्यंत फिरले. ते सांगायचे, नाटकवाल्यांशी भांडण झालं तर राजाशी करा, मागून सांगणाऱ्याशी करू नका. तो रुसला तर राजा मुका.

लटारू : गुलाम रसूलभाऊंची पोरगी तू? त्याईनं मले खुर्ची देली होती एक डाव. म्हने, स्टूलावर पाठ दुखते तुही. माह्या पाठीचं तोवर कोनीच इचारलं नव्हतं.

सुगंधाबाई : नसीमबाई.

नसीम : बोला बाई.

सुगंधाबाई : ह्या दोघाईत आवाज कोन्याचा साजरा येते? सीडीवाल्याचा का डब्ब्याचा?

नसीम : आत्तापर्यंत तर तुम्ही चित्रच बघत होता.

सुगंधाबाई : चित्रात काय पाहू? चित्रात पोचू मास्तर हाये.

नसीम : मग डब्बाच घ्या. याला मागून दोन वायर काढून स्पीकर लावता येतात. आपटल्याचा आवाज, कुजबुज, सगळं साफ. आणि तेवढाच तुकडा दहा वेळा मागं घेता येईल.

लटारू : अन् त्याच्या पोटातलं बाहेर नाई जात, ना?

नसीम : नाही भाऊ. घरातच राहतं.

लटारू : मंग घे सुगंधा. डब्बाच घे.

सुगंधाबाई : आता कसे 'घे घे' म्हनून राह्यले! पन ऐका, डब्ब्यातलं घरात राहीन, माह्या तोंडातलं नाई राह्याचं. आज घरी गेली का पयले मंगलीच्या घरी जातो मी.

लटारू : सुगंधा, हात जोडतो. हासतीन लोक तुले.

सुगंधाबाई : हासतीन काऊन? मी सांगीन, पोचू मास्तर राजा हाये म्हना, पन माहा मालक सांगते तेव्हा राजा तोंड उघडते. अन् मंगलीची माफी मांगतो. ते खरं बोलली होती, बिचारी. तिले बी बोलावतो ऐतवारी. चैतूले बी, बॅटरी त्याचीच हाये ना.

लटारू : अन् पोचू मास्तरले?

सुगंधाबाई : त्याले बी. पयल्या डावाले त्याले पाहू, मंग मांगं घेऊन तुमाले ऐकू.

नसीम : जाहिद शुक्रवारी येईल छत्री बसवायला. पोंभुर्ण्याच्या पुढं किती आत आहे गाव?

सुगंधाबाई : नाल्याच्या पल्याड. त्याले सांग, कोनाले बी इचारजो, मांगून सांगनाऱ्या लटारूभाऊचं घर कोनतं.

लटारू : असं नोको म्हनू न वो.

सुगंधाबाई : काऊन? राजे लय झाले. दर वर्सी बदलते तसे लय झाले... अजी.

लटारू : हौ?

सुगंधाबाई : म्हना बरं ते. सेनापतीले बोलते ते. पूरं म्हना.

लटारू : इथी? दुकानात?

सुगंधाबाई : आमी दोघीच हाओ. पाय कापत असन तं स्टूलावर बसूनच म्हना.

लटारू : तू तिकडं पाह्य मंग. माह्याकडं पाह्यशीन तं नाई जमाचं मले.

सुगंधाबाई : मी इकडंच पाहीन. बाकी सगळ्याईनं नाटक पाह्यलं, पाहुन्याईनं बी पाह्यलं. मी नाई पाह्यलं.

नसीम : भाऊ, टीव्हीचा आवाज बंद करते मी. बोला तुम्ही.

लटारू : पानी द्या जरासं... हं. सेनापती... सेनापती, ज्या मातीनं... नाई, थांबा. नाई होत वो.

सुगंधाबाई : ज्या मातीनं तुला वाढवलं.

लटारू : ...ज्या मातीनं तुला वाढवलं, तिच्याच कपाळाचं कुंकू पुसायला निघालास? ही तलवार मी तुझ्या हाती दिली, ती शत्रूसाठी. तिचं टोक आज माझ्या दाराकडे वळलं, तेव्हा माझी छाती नाही फाटली, सेनापती, फाटला तो माझा शब्द! ...आता सेनापतीचं. 'महाराज, ज्या दारात माझ्या बापाला उंबऱ्याबाहेर जेवायला बसवलं, त्या दाराला मी माझं कसं म्हणू?'

नसीम : बापरे, सेनापतीचं पण बरोबर वाटायला लागलं.

लटारू : बरोबरच हाये त्याचं. म्हनूनच तं राजा अडकते तिथी, दर डावाले... 'बोल! आणखी बोल! तुझ्या बापाचं ताट आज मी माझ्या हातानं आत आणीन. पण रयतेच्या घरात आग लावू नकोस!' ...पाह्य सुगंधा, आता पाय नाई कापून राह्यले.

सुगंधाबाई : दिसते मले. थांबू नोका, बोला.

लटारू : 'कोण आहे तिकडे? दिवे लावा! महाराणींना निरोप द्या...'

नसीम : बाई, मी तोवर डब्बा बांधून ठेवू?

सुगंधाबाई : थांब वो. रानी याची बाकी हाये अजून.